मोडलेली घरे, वाढलेली दुकाने

(कुडवा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय वाचून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. जुन्या वस्तूंचा आणि घरसजावटीचा धंदा, तोही एकेका कुटुंबाने दोन-दोन, तीन-तीन पिढ्या वाढवलेला. त्याचा आणि कुडव्याचा काय संबंध? इथे बोलायचे तर धानावर बोलावे, राईस मिलवर बोलावे, तेंदूपत्त्यावर बोलावे. अँटिकची दुकाने कुलाब्याला, गिऱ्हाईक मलबार हिलवर, आणि व्याख्यान कुडव्यात!

संबंध आहे, आणि तो लाकडाइतका घट्ट आहे. मुंबईच्या शोरूममध्ये दिव्याखाली मांडलेली शंभर वर्षांची आरामखुर्ची डोळ्यांपुढे आणा. तिचे लाकूड कुठले? बरेचदा सागवान, आणि देशभरच्या लाकूडबाजारात ‘सी. पी. टीक’ म्हणून जो साग ओळखला जातो तो जुन्या मध्य प्रांतातला, म्हणजे आपल्याकडच्या जंगलांचा. आलापल्ली आणि बल्लारपूरचा साग आजही मानाचा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहूनच तो वाजतगाजत रवाना झाला. बरे, लाकूड झाले. त्या खुर्चीवरची चकाकी कुठली? ती लाखेची. ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश. त्यात फ्रेंच ते काय, नाव तेवढे. आणि लाख येते पळसावर, कुसुमावर, बोरीवर. गोंदिया-गडचिरोली पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ती कशी खरवडतात हे सांगायला नको.

म्हणजे अंग आपले, तकाकी आपली, कित्येकदा खुर्चीसुद्धा आपल्याच एखाद्या सपरीतून (ओसरीतून) गेलेली. मग किंमत तिकडे का होते? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे. त्याचे उत्तर शोधताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतील. एक, हा धंदा दुसऱ्यांची घरे मोडतात तेव्हा वाढतो. दोन, पैसा माल जिथून निघतो तिथे थांबत नाही. पारख, दुरुस्ती आणि कागद जिथे असतात तिथे थांबतो.

आता माल येतो कुठून ते पाहू.

किराणा दुकानदार घाऊक बाजारात जातो, कापडवाला गिरणीत जातो. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला घाऊक बाजार नाही. शंभर वर्षांपूर्वीचे कपाट कुणी नव्याने बनवून देत नाही (देतात, पण त्याला लबाडी म्हणतात; ते पुढे येईल). त्याला वाट पाहावी लागते, कुणाचे तरी घर बंद होण्याची. हे ऐकायला बरे वाटत नाही, पण या व्यापाराचा सगळा इतिहास तसाच आहे.

एकोणिसाव्या शतकातली मुंबई घ्या. काळ्या शिसवीचे नक्षीदार फर्निचर ही तेव्हा मुंबईची ओळख होती. मेडोज स्ट्रीटच्या परिसरात ते विकले जाई. पारशी शेटियांच्या दिवाणखान्यात आणि गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात पाने, फुले, पक्षी, सर्प असे कोरीवकाम अंगभर ल्यालेल्या खुर्च्या आणि कोच असत. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी दालनातही असे काम गेले होते. साहेबाची बदली झाली की बंगल्यातले सामान लिलावात निघे. जहाजावर कपाट कोण नेणार? कामठीची छावणी १८२१ ची, म्हणजे आपल्या अगदी जवळची. छावणीच्या अधिकाऱ्याचे फर्निचर तर मुळातच फिरतीचे: दोन भागांत सुटणारे खणांचे कपाट, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, पाय फिरवून काढता येणारे. आज जगभरच्या लिलावांत अशा ‘कँपेन’ फर्निचरला वेगळा मान आहे. तेव्हा ते सोयीसाठी केलेले सामान होते, इतकेच.

त्याच मुंबईत नव्या मालाचा धंदाही कसा अनपेक्षित दारातून आला त्याची गंमत पाहा. १८७९ च्या फेब्रुवारीत थिऑसॉफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांच्याबरोबर एडवर्ड विंब्रिज नावाचा एक इंग्रज वास्तुरचनाकार होता. वर्ष-दीड वर्षात मंडळींचे आपसांत बिनसले. विंब्रिजने अध्यात्म सोडून फर्निचर धरले, आणि ‘विंब्रिज आणि कंपनी’ हे नाव मुंबईत उंची फर्निचरसाठी नावाजले गेले. ज्याला मोक्ष द्यायला आणले त्याने खुर्च्या दिल्या. लोकांच्या पाठीला त्या जास्त उपयोगी पडल्या असाव्यात.

पुढे आवड बदलली. १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुरचनाकारांच्या संस्थेने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवले. सपाट पृष्ठभाग, गोलसर कोपरे, विजेचे दिवे, कमी सामान. मरीन ड्राइव्हवर फ्लॅट उभे राहत होते, आणि आजोबांची शिसवी त्या फ्लॅटमध्ये मावत नव्हती. मावली तरी शोभत नव्हती. जुने सामान अडगळीत गेले. अडगळ हीच अँटिकची पहिली पायरी.

मग १९४७. साहेब गेला. फाळणीने सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या छावणीत आली, तिचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले, आणि पुढे तेच गाव फर्निचर-बाजार म्हणून नावारूपाला आले. गोंदियातल्या सिंधी बांधवांना ही जिद्द नव्याने सांगण्याची गरज नाही. १९४८ मध्ये दख्खनची संस्थाने विलीन झाली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. प्रत्येक वेळी कुठल्या तरी वाड्यातून झुंबर उतरले आणि कुठल्या तरी गोदामात चढले.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ३१ मार्च १९५१.

ही तारीख इथल्या शाळांतून पाठ करून घ्यायला हवी. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. मालकी हक्क रद्द करणारा १९५० चा कायदा त्या दिवशी लागू झाला आणि मालगुजारी, म्हणजे इकडची गावांची जमीनदारी, संपली. गावचे जंगल, पडीक जमीन, तलाव सरकारजमा झाले. भंडारा जिल्ह्यातले (गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच, वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला) हजारो तलाव तेव्हापासून माजी मालगुजारी तलाव. नवेगावबांधासारखा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला असे सांगतात. त्या परंपरेचे पाणी सरकारी दप्तरात गेले. ते योग्यच झाले, त्याबद्दल इथे वाद नाही. पण कायद्याने काय घेतले नाही ते पाहा. राहते घर घेतले नाही. घरातले सामान घेतले नाही. उत्पन्न गेले आणि सामान राहिले!

पाच-पन्नास माणसांच्या राबत्यासाठी बांधलेले घर. सपरीत बंगई (झोपाळा), तिच्या पितळी साखळ्या. माडीवर तखत. कचेरीच्या खोलीत रोजमेळ ठेवायचे उतरते मेज. कोठीच्या दाराला हाताएवढी कडी. भिंतीवर रविवर्मा प्रेसची लक्ष्मी. हे सगळे एका उत्पन्नावर उभे होते. उत्पन्न गेल्यावर पहिल्या पिढीने अब्रूसाठी सांभाळले, दुसरीने सवयीने, तिसरी पुण्याला गेली. मग दारात भंगारवाला आला. त्याने साखळ्या पितळेच्या भावाने किलोवर घेतल्या, दार लाकडाच्या भावाने आणि लक्ष्मी फुकटात, काच फुटली होती म्हणून.

तिथून ते सामान नागपूरला, तिथून मुंबईला नाहीतर जोधपूरला. प्रत्येक मुक्कामाला त्याचे नाव बदलते: भंगार, जुने सामान, अँटिक, आणि शेवटी एखाद्या हॉटेलच्या लॉबीत ‘हेरिटेज’. वस्तू तीच.

आता घेणाऱ्यांकडे वळू. हा धंदा बहुतेक जागी कुटुंबाचाच का असतो? मोठ्या कंपन्यांनी चपला, भाजी, औषधे सगळे काबीज केले. जुन्या खुर्च्या का नाही केल्या?

पहिले कारण पैशाचे. एखादी जोडखुर्ची गोदामात दहा-दहा वर्षे पडून राहते. तिच्यावर बँक कर्ज देत नाही, आणि व्याजाचा पैसा लावला तर व्याजच खुर्ची खाऊन टाकते. थांबू शकणारा पैसा घरचाच लागतो. दुसरे कारण नाजूक आहे. घर विकायला काढलेल्या माणसाला ते शेजाऱ्याला कळू द्यायचे नसते. आईची पलंगजोडी विकतोय हे भावकीत बोलले जाऊ नये, अशी त्याची इच्छा असते. अशा घरात रात्री नऊला बोलावणे येते ते ओळखीच्या माणसाला, ज्याच्या वडिलांनी याच्या वडिलांबद्दल कधी कुठे तोंड उघडले नाही अशाला. या व्यापारात तोंड बंद ठेवणे हे भांडवल आहे, आणि ते बापाकडून मुलाकडे येते. नोकराला पगार देता येतो. हे देता येत नाही.

उदाहरणे पाहू या. मुंबईला रीगल सिनेमासमोर फिलिप्स अँटिक्स आहे. नाव १८६० पासूनचे, साहेबाचे. चालवणारे कुटुंब मात्र ईसा. त्यांनी पाटी बदलली नाही. आपल्याकडे दुकान घेतले की पहिल्यांदा पाटी बदलतात, मग उद्घाटनाला आमदार. ईसांनी जाणले की जुन्या वस्तूंच्या दुकानात दुकानाचे वयसुद्धा विकायचा माल आहे. चिनी मातीची भांडी, जुने नकाशे, छापील चित्रे, हे सगळे जपत पिढी बदलली, पाटी राहिली.

दुसरे घराणे मुंबईच्या पारशांचे, हीरामाणेक. मंचेरशा हीरामाणेक जुन्या कलावस्तूंचे व्यापारी. मुलगा नसली, जन्म १९०२. बापाने पोराला गल्ल्यावर बसवले नाही, पॅरिसला पाठवले. तिथून तो विसाच्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कला गेला आणि हीरामाणेक गॅलरी उभी राहिली. हिंदुस्थानी शिल्प आणि लघुचित्रे म्हणजे काय हे अमेरिकेतल्या संग्रहालयांना ज्यांनी शिकवले, त्यांत हा मुंबईचा दुकानदाराचा मुलगा होता. पत्नी अ‍ॅलिस अमेरिकन चित्रकार. दोघांनी विकले तसे जमवलेही. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या काउंटी कलासंग्रहालयाने त्यांचा भारत, नेपाळ, तिबेटचा संग्रह घेतला. तो इतका मोठा होता की त्यावर त्या संग्रहालयाचा भारतीय विभाग उभा राहिला. १९७१ मध्ये नसली गेले. आणखी एक वळण आहे. या जोडप्याने दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या प्राचीन वस्तू दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिल्या. भारताचे देव अमेरिकेत आणि अमेरिकेचे देव दिल्लीत, दोन्ही एकाच घराण्याच्या हातून!

यावर टाळ्या वाजवायच्या की हळहळायचे? दोन्ही. ज्या काळात हे देव देशाबाहेर गेले त्या काळात इथे त्यांना विचारणारे थोडे होते. पण नेणाऱ्याची पारख आणि देणाऱ्याची गरज यांत जो फरक होता, त्या फरकावरच नफा झाला, हे विसरता कामा नये.

याच्या अगदी उलट टोकाला पुण्याचे दिनकर केळकर. ते कवी, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. कुटुंबाचा व्यवसाय चष्म्यांचा. विसाच्या दशकापासून या माणसाने अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, दरवाजे जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाई बरोबरीने. मुलगा राजा लहानपणी गेला, त्याच्या नावाने संग्रहालय झाले. वीस हजारांवर वस्तू १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केल्या. केळकरांकडे हीरामाणेकांइतकीच पारख होती आणि भंगारवाल्याइतकीच पायपीट. नव्हती ती विकण्याची इच्छा. एकाच पारखेतून एक दुकान होते आणि एक संग्रहालय. महाराष्ट्राला दोन्हींची गरज होती; आपण मात्र केळकरांना हार घातले आणि व्यापाऱ्याकडे संशयाने पाहिले.

सजावटीकडून कलेकडे गेलेले मुंबईचे केमोल्डही इथे आठवते. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये चित्रांच्या चौकटी बनवायचा धंदा सुरू केला. चौकटी करता करता चौकटीतल्या चित्रांशी मैत्री झाली, आणि १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या माडीवर गॅलरी केमोल्ड उघडली. पुढे मुलीने ती चालवली, २००७ मध्ये नव्या जागेत नेली. चौकटीच्या गल्ल्यावर कला पोसली गेली.

पण आज मुख्य बोलायचे आहे ते दुकानाच्या मागच्या खोलीबद्दल. गिऱ्हाईक पुढून येते, धंदा मागून चालतो. सत्तरच्या दशकात मुंबईत महेंद्र दोशी यांनी जुन्या फर्निचरचा व्यवसाय उभारला आणि त्यांच्यामागे घरातल्याच पुढच्या पिढीने तो वाढवला. त्या नावाचा दबदबा वडाळ्याच्या गोदामाइतकाच तिथल्या कारागिरांमुळे आहे. मोडके आणायचे, उलगडायचे, नीट करायचे, आणि नीट केल्याची खूण दिसू द्यायची नाही.

हे काम कसे चालते ते जवळून पाहू.

एक गोल टेबल आले आहे. विकणारा सांगतो, शंभर वर्षांचे. कारागीर आधी टेप काढतो. लाकूड रेषांच्या दिशेने सहसा आक्रसत नाही, आडवे आक्रसते. म्हणून खरे जुने गोल टेबल आता पुरते गोल नसते. आडव्या मापात किंचित कमी भरते. दोन्ही मापे तंतोतंत सारखी आली की कारागीर मालकाकडे नुसता बघतो. मग टेबल उलटे होते. खालच्या फळीवर करवतीच्या खुणा सरळ आहेत की कमानीसारख्या? सरळ असतील तर हाताची करवत; कमानी म्हणजे यंत्राची गोल करवत. स्क्रू पाहिले जातात. डोक्यावर अधिकचे चिन्ह असलेला स्क्रू बाजारात आला तो १९३० च्या दशकात. १८८० च्या टेबलात तो असेल तर एक तर टेबल नवे, नाहीतर कुणी तरी मध्ये दुरुस्ती केलेली. (त्या स्क्रूचे नावही फिलिप्स. रीगलसमोरच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही.) खण ओढून बघतात: बाजूच्या फळीची खालची कड झिजलेली हवी. शंभर वर्षे खण उघडला-मिटला आणि कड धारदार राहिली, असे होत नाही. मुंबईत ओशिवऱ्याला आणि इतरत्र नव्या लाकडाला चहाचे पाणी पाजून जुने करणारे आहेत. पण झीज जिथे हात लागतो तिथेच हवी, हे त्यांतले निम्मे विसरतात.

शेवटी पॉलिश. टेबलाच्या पोटात, जिथे दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्याने थेंबभर स्पिरिट लावतात. थोड्या वेळात जागा चिकट झाली तर ती लाख. नाही झाली तर आधुनिक मेलामाइन नाहीतर पी.यू. (पॉलियुरेथेन). लाखेचे पॉलिश नाजूक. गरम कप ठेवला की पांढरा गोल उमटतो, पाणी सांडले की डाग. पण लाखेचा मोठा गुण असा की ती परत विरघळते. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, सुती कापडात कापसाचा बोळा बांधायचा, आणि हात न थांबवता आठाच्या आकड्यासारखा फिरवत राहायचे. हात थांबला की तिथे बोळा चिकटला. एक थर इतका पातळ की दिसतही नाही. वाळू द्यायचा, पुन्हा. आठवडाभर हे चालते. लाकडाच्या आतली रेष वर येते. डाग पडला तर पन्नास वर्षांनी दुसरा कारागीर त्याच स्पिरिटने, त्याच लाखेने तो काढू शकतो. पी.यू. खरवडूनच काढावे लागते, आणि खरवडताना लाकडाचे वय निघून जाते.

म्हणून दुरुस्तीचा कारागीर हा या धंद्याचा खरा भागीदार. कागदावर तो क्वचितच भागीदार असतो, हे मात्र इथे स्पष्ट बोलले पाहिजे. पाटी कुटुंबाची, हात दुसऱ्याचे, आणि मुलाखतीत फोटो पाटीवाल्याचा.

आणि आता लाख पिकवणाऱ्या या जिल्ह्याला प्रश्न: कुडवा-गोंदियात फ्रेंच पॉलिश करून देणारे किती हात उरले? पळस आपल्याकडे, स्पिरिटची बाटली कुठेही मिळते, सुतार आहेत. तरी आपल्या आजोबांची आरामखुर्ची आपण ऑइल पेंटने चॉकलेटी रंगवून घेतो, आणि पावसाळ्यात तिला पोपडे आले की भंगारात देतो.

राहिला कागद.

१९४७ मध्येच प्राचीन वस्तूंच्या निर्यातीवर बंधन घालणारा कायदा झाला. मग १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्याची मुख्य रेष सरळ आहे. शंभर वर्षांहून जुनी कलेची, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू. हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. इमारतीतून सुटा केलेला भागही त्यात येतो, म्हणजे वाड्याचा कोरीव खांब किंवा चौकट विकताना हा कायदा आठवला पाहिजे. खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. देशात विकायला मनाई नाही, पण व्यापाऱ्याला परवाना लागतो. शिल्पे, चित्रे अशा अधिसूचित प्रकारांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. हस्तिदंताचे काम जडवलेले असेल तर वन्यजीव कायदा वेगळाच. शिसवीचे सामान परदेशी जाणार असेल तर वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम.

या कायद्याबद्दल व्यापारी कुरकुर करतात. हेतू चांगला, पण परवाना आणि नोंदणीच्या जाचाने सचोटीचा माणूस दमतो आणि आडमार्गाचा सुखात राहतो, अशी त्यांची तक्रार, आणि तिच्यात तथ्य आहे. पण या कायद्याचा एक परिणाम कुणी फारसा सांगत नाही: त्यानेच या घराण्यांना अँटिककडून घरसजावटीकडे ढकलले. परदेशी गिऱ्हाईक तुटले, जुना माल मर्यादित, नोंदींचा जाच. मग शंभर वर्षांच्या आतले सामान, १९३०-४० च्या दशकांतले फर्निचर, जुन्या धर्तीवर केलेला उघडपणे नवा माल, दिवे, पडदे, सिनेमाच्या सेटला भाड्याने सामान, हॉटेलांची सजावट, हे सगळे वाढले. मुलगी किंवा सून इंटिरिअर डिझाइन शिकून आली, आणि गोदामातल्या पारखेला तिने नवे गिऱ्हाईक दिले. साठा संपतो, पारख संपत नाही. वाटणीच्या वेळी हेच दिसते. चार भावांत झुंबर एकच असेल तर ते चौघांना कसे वाटणार? पण ओळखण्याची नजर चौघांनाही पुरी मिळते.

जीएसटीतही एक सोय आहे. वापरलेल्या मालाचा व्यापारी कर पूर्ण किमतीवर न देता खरेदी-विक्रीतल्या फरकावर देऊ शकतो. पण त्यासाठी खरेदीची नोंद हवी, कुणाकडून, कधी, कितीला. भंगारवाल्याच्या खिशात तशी नोंद नसते. आणि जिथे नोंद नाही तिथे वस्तूचा इतिहासही मेला. ‘मालगुजाराच्या घरचे दार’ आणि ‘अमुक गावच्या, अमुक साली बांधलेल्या घराच्या देवघराचे दार, सोबत घराचा फोटो’ या दोन वाक्यांत किमतीचा फरक आहे, आणि तो फरक फोटो काढणाऱ्याचा आहे.

हे छोट्या गावात होते का? होते. तमिळनाडूतल्या कारैक्कुडीला जावे. चेट्टियार सावकारांचे प्रचंड वाडे, ब्रह्मदेशच्या सागाचे खांब. ब्रह्मदेशचा व्यापार बुडाला, कुटुंबे चेन्नईला, परदेशी गेली, वाडे मोडले. मोडलेच. पण कारैक्कुडीत मुनीश्वरन देवळाच्या रस्त्यावर अँटिकची दुकाने ओळीने उभी राहिली. वाड्याचे दार गावच्याच दुकानात गेले, गावच्याच सुताराने दुरुस्त केले, आणि गिऱ्हाईक गावात आले, ते जेवले, राहिले. चेट्टियार गावांचे समूह २०१४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदले गेले. मुळातले दुःख तिथेही तेच होते. फक्त माल गावातून निघायच्या आधी गावातल्या कुणी तरी तो ओळखला.

कुडव्याला गोंदिया शहर टेकलेले, जंक्शन हाकेवर, रायपूर-नागपूर दोन्हीकडे जाणारी गाडी. शेतांचे प्लॉट पडत आहेत, घरे बांधली जात आहेत, आणि जुनी पाडली जात आहेत. पाडायच्या आधी कुणी दाराचे माप घेते का? मोबाइल प्रत्येकाकडे आहे. सुताराच्या एका दुकानात चार किलो चपडा लाख, स्पिरिट, पटाशी-रंधा आणि एक नोंदवही ठेवली तर आजोबांच्या खुर्चीपासून सुरुवात होते. शंभर वर्षांच्या आतल्या सामानाला पुरावस्तूचा परवानाही लागत नाही. पहिले गिऱ्हाईक शोधायला मुंबईला जावे लागणार नाही. ते याच सभागृहात आहे. ज्यांच्या घरी लाकडी बंगई, तखत किंवा उतरते मेज अजून आहे त्यांनी हात वर करावेत. प्रश्नोत्तरांना त्यांच्यापासूनच सुरुवात करू.